तक्रारीची सवय कशी मोडायची: आधी मोजणी, मग चाळणी, मग बदल

तक्रार करणं सोडायचं ठरवलं की बहुतेक जण एकच करतात: सकाळी उठून "आजपासून कुरकुर बंद" असं स्वतःला बजावतात. दुपारपर्यंत निश्चय टिकतो. संध्याकाळी एखादी खरोखरच संतापजनक गोष्ट घडते आणि दिवसभर अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. मग "आपला स्वभावच असा" म्हणून विषय संपतो.

स्वभावाचा इथे फारसा संबंध नाही, चूक क्रमाची आहे. आपण तक्रार कधी करतो हे आधी कळायला हवं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्यानंतर ठरतं. जे सोडायचं त्याच्या जागी दुसरं काहीतरी बसवावं लागतं, आणि चांगल्याकडे नजर वळवण्याचं काम सगळ्यात शेवटी येतं. लोक नेमकी शेवटून सुरुवात करतात, म्हणजे मोजणीच्या आधीच सकारात्मक व्हायला बघतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या.

वेळेचा अंदाज आधीच घेतलेला बरा. २१ दिवसांत सवय बदलते असं सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबू नका. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोजची एखादी साधी नवी कृती अंगवळणी पडायला लागणारा मधला कालावधी ६६ दिवस निघाला. माणसामाणसातला फरकही मोठा होता: कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवसांपर्यंतचा अंदाज. हे आकडे नवी सवय लावण्याचे आहेत, जुनी मोडण्याचे नाहीत. त्यामुळे निदान १० आठवडे हाताशी ठेवा.

## तयारी: सुरू करण्याआधीचे दोन दिवस

वही. खिशात मावेल अशी छोटी वही आणि तिला अडकवलेलं पेन पुरेसं आहे. फोनवरही नोंद करता येते, पण फोन हातात घेतला की नोंद बाजूला राहते आणि दुसरंच काहीतरी उघडतं. शिवाय बऱ्याच जणांच्या निम्म्या तक्रारी फोनवरूनच जातात. जिथे सवय राहते तिथेच तिची वही ठेवू नये.

काय मोजायचं ते पक्कं करा. इथे गोंधळ राहिला तर पुढची सगळी मोजणी वाया जाते. आपल्या कामापुरती तक्रार म्हणजे नाराजीचं असं बोललेलं किंवा लिहून पाठवलेलं वाक्य, ज्यात कुणाकडे ठोस मागणी नाही, किंवा मागणी असलीच तरी ती भलत्याच माणसापुढे मांडलेली आहे. "बाहेर पाऊस आहे, छत्री घे" ही माहिती झाली. "पाठ तीन दिवस दुखतेय" हे डॉक्टरांना सांगणं म्हणजे काम झालं. तेच वाक्य दिवसातून सहा वेळा वेगवेगळ्या लोकांना ऐकवलं तर ती तक्रार.

काही गोष्टी निसटतात, त्या मुद्दाम धरा. "जाऊ दे, काय बोलायचं!" असं म्हणणं, समोरच्याला ऐकू जाईल असा उसासा, आणि तिरकस कौतुक ("आज वेळेवर आलास, नवलच म्हणायचं!") ही तिन्ही तक्रारीच आहेत. मनातल्या मनात चाललेली चरफड मात्र पहिल्या आठवड्यात मोजू नका. तिची मोजदाद नीट होत नाही आणि माणूस दुसऱ्याच दिवशी वही टाकून देतो.

आठवडा निवडा. प्रवास, आजारपण, घर बदलणं, परीक्षा असलं काही नसलेला नेहमीचा आठवडा घ्या. विशेष आठवड्यात विशेष तक्रारी निघतात, त्यांवरून रोजची सवय कळत नाही.

एकाच माणसाला सांगा. घरातलं किंवा कामावरचं, रोज भेटणारं एक माणूस पुरे. त्याला हेही स्पष्ट सांगा की लक्ष ठेवायचं नाही आणि टोकायचं नाही. "बघ, पुन्हा केलीस तक्रार!" असं कुणी म्हटलं की आपण लगेच स्वतःची बाजू मांडायला लागतो, म्हणजे एका तक्रारीच्या दोन होतात.

> सावध: चारचौघांत किंवा समाजमाध्यमांवर घोषणा करू नका. पहिली तक्रार निसटली की लाज वाटते आणि लाज वाटली की वही बंद होते.

## टप्पा १: सात दिवस फक्त मोजणी (आठवडा १)

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. तक्रार आली तर ती पूर्ण करा आणि मग लिहा. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नखं खाण्यासारख्या सवयींसाठी अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेल्या उपचारपद्धतीतही सवय ओळखायला शिकणं हाच पाया आहे. हात तोंडाकडे निघालाय हे ज्याला कळत नाही त्याला हात थांबवताही येत नाही. जिभेचंही तसंच आहे.

१. तक्रार तोंडून गेली की पाच मिनिटांच्या आत एक ओळ लिहा. रात्री आठवून लिहायला बसू नका, तोवर मोठ्या तक्रारीच तेवढ्या लक्षात राहतात आणि बारीक कुरकुर, जी संख्येने सर्वांत जास्त असते, ती गळून पडते.

२. ओळीत चार गोष्टी असू द्या: वेळ, शब्द जसेच्या तसे, कुणापुढे, आणि त्याच्या लगेच आधी काय घडलं.

३. झोपण्याआधी फक्त आकडा मांडा. त्यावर शेरा लिहू नका.

एक पान साधारण असं दिसेल:

*८:४० – "ही बस कधी म्हणून वेळेवर येत नाही" – रांगेतला अनोळखी माणूस – दहा मिनिटं उभं राहून झाली होती*
*११:१५ – "मलाच बरं सगळे शेवटच्या क्षणी काम देतात" – शेजारच्या टेबलावरची सहकारी – ईमेल आला*
*११:३० – तीच गोष्ट – दुसरा सहकारी – काही घडलं नव्हतं, तो भेटला म्हणून*
*७:०५ – "या घरात कुणी दिवे बंद करेल तर शपथ" – मुलगा – दार उघडून आत आल्याआल्या*

तिसरी ओळ पुन्हा वाचा. काही घडलेलं नसताना, केवळ माणूस समोर आला म्हणून निघालेली तक्रार. अशा ओळी वहीत किती आहेत यावर पुढचं बरंच काही ठरतं.

दोन दिवसांनी आकडा वाढलेला दिसेल. सवय बिघडली म्हणून नव्हे, तुमचं लक्ष जायला लागलं म्हणून तो वाढतो. आठवड्याच्या शेवटी तो आपोआप थोडा उतरूही शकतो, कारण स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवली की वागणं काहीसं बदलतंच. दोन्ही ठीक आहे.

> तपासा: सात दिवसांपैकी निदान पाच दिवसांच्या नोंदी आहेत का? शब्द जसेच्या तसे लिहिलेत का, की "ऑफिसबद्दल बोलले" असं मोघम? नोंदी मोघम असतील तर आणखी चार दिवस मोजा. पुढचा टप्पा या शब्दांवरच उभा आहे.

## टप्पा २: चाळणी (एक बैठक, साधारण ४५ मिनिटं)

आठवड्याची वही समोर घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा.

क – कामाची. गाऱ्हाणं खरं आहे आणि त्यावर काही करू शकेल असं एक तरी माणूस आहे. तो माणूस तुम्हीही असू शकता.

द – दुःखाची. काहीतरी खरंच लागलंय: अपमान, नुकसान, भीती, थकवा. लगेच तोडगा नाही, पण ऐकणारं कुणीतरी हवंय.

ग – गप्पांची. बोलायला विषय हवा म्हणून निघालेली. हवामान, गर्दी, रांगा, "हल्लीची पिढी".

र – रवंथ. तीच गोष्ट, तेच शब्द, तिसऱ्यांदा किंवा त्याहून अधिक वेळा.

एका ओळीला दोन अक्षरं लागू पडत असतील तर त्यातलं वरच्या यादीत आधी आलेलं अक्षर द्या. चाळणी झाली की प्रत्येक अक्षराची बेरीज करा. मग वेळ आणि माणसं यांवरून नजर फिरवा: दिवसाच्या ठरावीक तासात गठ्ठा पडतोय का? एकाच माणसासमोर पडतोय का?

ही चाळणी टाळून पुढे जाणारे सगळ्यात मोठी चूक करतात, कारण ते सगळ्याच तक्रारींवर बोळा फिरवतात. "क" दाबली की काम अडून राहतं आणि मनात राग साचतो. "द" दाबली की माणूस एकटा पडतो. मोडायच्या आहेत त्या फक्त "ग" आणि "र".

> सावध: "क"च्या ओळींमध्ये मारहाण, धमकी, छळ, पैशांची फसवणूक किंवा कामाच्या ठिकाणची असुरक्षितता असेल तर तो या लेखाचा विषय नाही. ती तक्रार कमी करायची नाही. तारीखवार लिहून जिथे दाद मागता येते तिथे न्यायची. "जरा सकारात्मक राहा" हा सल्ला तिथे घातक ठरतो.

## टप्पा ३: कामाची तक्रार मार्गी लावणं (आठवडे २ आणि ३)

चाळणीनंतर लगेच "ग" आणि "र" कडे वळायचा मोह होतो. थांबा. आधी "क" उरका, कारण बरीचशी "र" ही न सुटलेल्या "क"चीच पिलावळ असते. योग्य माणसाला कधी सांगितलंच नाही, म्हणून तीच गोष्ट चार अयोग्य माणसांपुढे उगाळली जाते.

यादीतल्या सर्वांत सोप्या तीन "क" निवडा. सर्वांत जुनी आणि सर्वांत दुखरी मागे ठेवा, ती पहिल्यांदाच घेतली तर हमखास भांडण होतं. प्रत्येकीसाठी चार वाक्यं लिहून काढा:

१. काय घडलं. तारीख, वेळ, संख्या. "नेहमी", "कधीच", "सगळे", "कुणीच" हे शब्द खोडून टाका.
२. त्यामुळे काय झालं. तुमच्या बाजूने, मोजता येईल असं.
३. काय हवंय. एकच मागणी, आणि समोरच्याला "हो" किंवा "नाही" म्हणता येईल अशी.
४. नाही म्हटलं तर पर्याय काय. हे वाक्य बहुतेक जण विसरतात आणि तिथेच बोलणं फिसकटतं.

वहीतलं ११:१५ चं वाक्य घेऊ: "मलाच बरं सगळे शेवटच्या क्षणी काम देतात." ते शेजारच्या टेबलावर गेलं, जिथे त्याचा काही उपयोग नव्हता. काम देणाऱ्या वरिष्ठांकडे न्यायचं तर ते असं होईल:

"मॅडम, या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी आकडे साडेपाचला आले. तपासून त्याच दिवशी पाठवायचे असल्यामुळे दोन्ही दिवस मला आठ वाजले. ते तीनपर्यंत मिळू शकतील का? तीनला जमणार नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत पाठवले तर चालेल का?"

यात नाराजी लपवलेली नाही, फक्त तिला पत्ता मिळालाय. घरातही हाच साचा चालतो, सूर तेवढा बदलतो. "या घरात कुणी दिवे बंद करेल तर शपथ" या वाक्यातून मुलाला करण्यासारखं काहीच कळत नाही. "काल आणि आज तुझ्या खोलीतला दिवा आणि पंखा चालूच होता. बाहेर पडताना दाराजवळची दोन्ही बटणं बंद करशील?" यातून कळतं. वडीलधाऱ्यांशी बोलताना पहिलं वाक्य थोडं मऊ करा, पण मागणी गाळू नका: "आई, तुम्हाला त्रास द्यायचा नाहीये, पण मी कॉलवर असताना दार वाजलं की माझं बोलणं तुटतं. दारावर चिठ्ठी लावली तर तेवढा वेळ थांबाल का?"

कधी बोलायचं हेही महत्त्वाचं. गोष्ट घडल्याघडल्या नको. त्या वेळी शब्द जुनेच बाहेर येतात. समोरचा माणूस भुकेला, घाईत किंवा दुसऱ्यांसमोर असताना तर नकोच.

मागणी दोनदा नीट मांडूनही काही झालं नाही तर तीन वाटा उरतात: त्याच्या वरच्या पातळीवर नेणं, स्वतः वेगळी सोय करणं, किंवा समजून-उमजून स्वीकारणं. एक वाट निवडा आणि वहीत तारखेसह लिहा. चौथी वाट, म्हणजे काहीच न ठरवता बोलत राहणं, तीच तर आपली सवय.

> तपासा: तिन्ही मागण्या प्रत्यक्ष बोलून किंवा लिहून झाल्या का? मनात तयार असणं धरायचं नाही. तिन्ही मान्य झाल्या नसल्या तरी पुढे जा. मांडून झाल्या असल्या की बास.

## टप्पा ४: कुरकुरीच्या जागी दुसरी कृती (आठवडे ४ ते ६)

आता "ग" आणि "र". इथे "बोलायचं नाही" एवढाच नियम केला तर तो उलटतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला होता: पांढऱ्या अस्वलाचा विचार पाच मिनिटं करू नका असं लोकांना सांगितलं. विचार येतच राहिला. नंतर मोकळीक मिळाल्यावर तर त्यांना, ज्यांना सुरुवातीपासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा अस्वल आठवलं. म्हणून जागा रिकामी ठेवायची नाही, तिथे आधीच ठरवलेलं काहीतरी बसवायचं.

वहीतून सर्वाधिक वेळा आलेले दोनच प्रसंग घ्या आणि प्रत्येकासाठी "जेव्हा… तेव्हा" असं वाक्य लिहा. पीटर गॉलविट्झर यांनी मांडलेली ही पद्धत साध्या निश्चयापेक्षा जास्त टिकते, कारण काय करायचं याचा निर्णय आधीच झालेला असतो. ऐन रागात विचार करावा लागत नाही.

- *जेव्हा मी घराचं दार उघडून आत येईन, तेव्हा पहिलं वाक्य प्रश्न असेल: "आज काय काय झालं?"*
- *जेव्हा बसला दहा मिनिटं उशीर होईल, तेव्हा पाय जमिनीवर नीट टेकवून पाच सावकाश श्वास घेईन, मग आज कुणाला निरोप द्यायचा राहिलाय ते पाहीन.*

चांगल्या वाक्याच्या खुणा दोन. "जेव्हा"चा भाग कॅमेऱ्यात पकडता येईल इतका ठोस असतो. "जेव्हा मला वाईट वाटेल" हे फार धूसर झालं. आणि "तेव्हा"चा भाग करण्याचा असतो, न करण्याचा नसतो. "तेव्हा मी तक्रार करणार नाही" हे वाक्य म्हणजे पुन्हा अस्वलच.

तक्रार अर्धी तोंडातून गेल्यावर लक्षात येणं हेच सुरुवातीला सर्वाधिक घडतं. तेव्हा वाक्य गिळू नका, त्याला मागणीचं किंवा कृतीचं शेपूट जोडा: "किती गर्दी आहे ही… चल, पुढच्या दाराने जाऊ." वाक्य संपलं आणि तुम्ही हललातही. दोनतीन आठवड्यांनी लक्षात येणं आपोआप अलीकडे सरकतं, आधी वाक्याच्या मध्यावर, मग तोंड उघडण्याआधी.

मनगटावर रबर बांधून तक्रार केली की ते दुसऱ्या हातात घालायचं, ही युक्ती बरेच जण वापरतात. आठवण म्हणून ठीक आहे. पण रबर ताणून स्वतःला चटका देणं सोडा. त्याने सवयीला जोडून शिक्षा येते आणि माणूस मोजणीच चुकवायला लागतो.

> सावध: दोनपेक्षा जास्त "जेव्हा… तेव्हा" एका वेळी चालवू नका. पहिली दोन बिनचूक झाली, म्हणजे आठवड्यात पाचपैकी चार वेळा आपोआप आली, की तिसरं घ्या. एखादा दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागू नका. वर उल्लेखलेल्या लंडनच्या अभ्यासातही एखादी संधी हुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झालेला दिसला नाही.

## टप्पा ५: रवंथाला ठरलेली वेळ

"र"च्या ओळी जास्त असतील तरच हा टप्पा करा. काळजी करण्याची वेळ बांधून घेण्याचं तंत्र थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये तपासलं होतं. त्यात रोज अर्धा तास असे. तक्रारीसाठी १५ मिनिटं पुरतात.

रोज एकच वेळ, एकच खुर्ची, कागद-पेन. झोपण्याच्या जागी नको आणि झोपेच्या निदान दोन तास आधी. दिवसभरात जुना विषय वर आला की त्याचं नाव फक्त वहीत टिपा, "सहा वाजता", आणि हातातल्या कामाकडे वळा. सहा वाजता यादी घेऊन मनात येईल ते लिहा. शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा आणि एका ओळीत उत्तर द्या: यात माझ्या हातातलं पुढचं पाऊल कुठलं? काहीच नसेल तर "नाही" असं लिहा आणि घड्याळ वाजलं की उठा.

"मन मोकळं केलं की राग उतरतो" असं समजून काही जण या वेळेत ओरडतात, उशी बडवतात. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर आणून पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. नुसते शांत बसलेले त्यांच्यापेक्षा निवळले होते. तेव्हा लिहा, आदळआपट करू नका.

## टप्पा ६: री ओढणारी माणसं

वहीत एकाच माणसापुढे तक्रारींचा गठ्ठा पडत असेल तर एकट्याने बदलून भागत नाही. दोघांची भट्टी तक्रारीवरच जमलेली असते. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीत हेच पाहिलं: एकमेकांशी अडचणी पुन्हा पुन्हा उगाळणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, आणि उदासी व चिंतेची लक्षणंही जास्त होती. म्हणून हे सोडवायला अवघड जातं. तक्रार काढून घेतली तर मैत्रीच जाईल अशी भीती असते.

मैत्री ठेवून विषय बदलायचा आहे, त्यामुळे उपदेश अजिबात नको. "तू फार नकारात्मक आहेस" हे वाक्य कुणालाही कधीच म्हणू नका. हे करून बघा:

- भेटल्यावर पहिला विषय तुम्ही काढा. पहिल्या दोन मिनिटांत जो सूर लागतो तोच सहसा टिकतो.
- समोरच्याने पाढा सुरू केला तर एकदा मनापासून दाद द्या ("हो, वैताग येण्यासारखंच आहे") आणि मग विचारा: "मग काय करायचं ठरवलंस?" नुसता हुंकार भरत राहिलात तर पाढा लांबतो.
- तिसऱ्यांदा तोच विषय आला तर सरळ बोला: "हे आपण परवाही बोललो. तुला तोडगा हवाय की फक्त ऐकायला हवंय? ऐकायचं असेल तर दहा मिनिटं मी ऐकतो, मग दुसरं बोलू."
- भेटीची जागा किंवा कृती बदला. एका जागी बसून बोलण्याऐवजी चालत बोला, किंवा हाताला काहीतरी काम ठेवा.

समोरचा माणूस खरंच दुःखात असेल तर यातलं काहीही करू नका. फक्त ऐका.

## टप्पा ७: चांगलं दिसण्याचा सराव (आठवडा ७ पासून)

हा टप्पा इतका उशिरा का, असा प्रश्न पडेल. वाईट गोष्ट मनाला चांगल्या गोष्टीपेक्षा ठळक जाणवते, हा आपल्या सर्वांच्याच मनाचा कल आहे. न सोडवलेली गाऱ्हाणी शिल्लक असताना त्यांवर कृतज्ञतेचा लेप दिला तर मन त्यावर विश्वासच ठेवत नाही. आता जागा मोकळी झाली आहे.

मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तपासलेला सराव सोपा आहे: आठवडाभर रोज रात्री, दिवसात चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे ती का घडली हे लिहायचं. त्याचा फायदा सहा महिन्यांपर्यंत टिकलेला दिसला, आणि ज्यांनी आठवड्यानंतरही आपणहून सराव चालू ठेवला त्यांना तो जास्त झाला.

"का" गाळलं की सराव पोकळ होतो. "घर आहे, आरोग्य आहे, कुटुंब आहे" अशी यादी चौथ्या दिवशी पाठ होते आणि लिहिताना काहीच वाटेनासं होतं. त्याऐवजी आजचीच, बारीक गोष्ट पकडा: *"सहकाऱ्याने न सांगता माझी फाईल तपासून दिली. का? सोमवारी मी त्याची पाहिली होती आणि वेळेचं नीट बोलणं झालं होतं."* दुसऱ्या वाक्यात तुमचा स्वतःचा हात दिसतो, आणि "माझ्या हातात काही नाही" या प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी असलेल्या समजुतीला तिथे धक्का बसतो.

दोन आठवडे रोज लिहा, मग आठवड्यातून दोनतीनदा पुरे. रटाळ वाटायला लागलं तर संख्या कमी करा, तपशील वाढवा.

"सगळं छानच होणार" अशी स्वप्नं रंगवणं मात्र यात येत नाही. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात, नोकरीची नुसती गोड स्वप्नं रंगवणाऱ्या पदवीधरांना पुढे नोकरीचे प्रस्ताव कमी आणि पगारही कमी मिळालेला आढळला. हवं ते डोळ्यांसमोर आणा, लगेच त्यातला मुख्य अडथळा लिहा, आणि त्या अडथळ्यासाठी टप्पा ४ मधलं "जेव्हा… तेव्हा" वाक्य करा.

## अडलं तर

आकडा घटला, पण चिडचिड वाढली. तुम्ही "क" आणि "द" सुद्धा दाबताय. टप्पा ३ कडे परत जा. "द"साठी एक माणूस ठरवा आणि बोलण्याआधी त्याला सांगा: "सल्ला नको, फक्त ऐक."

आता दुसऱ्यांच्या तक्रारी सहन होत नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात हे बहुतेकांना होतं. कान तयार झालाय, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्यांच्या तक्रारींबद्दल तिसऱ्याकडे बोलणं हीसुद्धा वहीत धरायची तक्रार आहे.

बोलणं थांबलं, टायपिंग वाढलं. समूहांतले संदेश आणि प्रतिक्रिया मोजणीत धरा. पाठवण्याआधी मजकूर वहीत उतरवायचा नियम केला की निम्मे संदेश जातच नाहीत.

संध्याकाळीच घसरण होते. भूक, अपुरी झोप, सलग बसणं आधी पाहा. आठवडाभर त्या वेळेच्या अर्धा तास आधी थोडं खाऊन आणि दहा मिनिटं चालून पाहा. फरक पडला तर तिथे वेगळं "जेव्हा… तेव्हा" लागणारही नाही.

घरचे म्हणतात, काही फरक नाही. त्यांचं मत जुन्या आठवणींवर असतं. वहीतले आकडे पाहा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टींतला रस गेला असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर त्या वेळी निघणाऱ्या तक्रारी हे आजाराचं लक्षण असू शकतं. वही बाजूला ठेवून डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. नुकतंच कुणी जवळचं गेलं असेल तर हा सराव काही महिने पुढे ढकला.

## दहाव्या आठवड्यातली फेरमोजणी

पहिल्या आठवड्यासारखीच सात दिवस मोजणी करा: तेच नियम, त्याच चार गोष्टी, काहीही न बदलता. मग चाळणी करा आणि दोन्ही बेरजा शेजारी मांडा. एकूण आकड्यापेक्षा "ग" आणि "र" यांचा आकडा पाहा. तो निम्म्यावर आला असेल तर काम झालंय. पुढे तीन महिन्यांतून एकदा तीन दिवसांची मोजणी पुरे. निम्म्याहून जास्त उरला असेल तर जिथे गठ्ठा पडतोय तो एकच प्रसंग निवडा आणि टप्पा ४ पुन्हा चार आठवडे चालवा. "क"चा आकडा तसाच राहिला असेल किंवा थोडा वाढला असेल, आणि त्यातल्या बहुतेक आता योग्य माणसापर्यंत पोचत असतील, तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.